बांधावरचं करवंद

माझं माहेर वारणानगरच्या कॉलनीतलं. तिथं जांभळं पाटीतनं दारात यायची, करवंदं द्रोणातनं. झाड कुणी बघितलंय! लग्न होऊन राधानगरीकडं आले आणि थोरल्या जावेनं रानात नेल्यावर माझी फजिती झाली. रायजांभूळ कुठलं, लेंडीजांभूळ कुठलं, मला काय कळेना.

"आगं, हे टपोरं, ते शेळीच्या लेंडीएवढं. डोळं हायत न्हवं?" ती सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी ओरडली. असा राग आला मला!

नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा. गोठ्यात चार म्हशी, त्यामुळं दोघींपैकी एकीलाच माहेरी जाता येणार होतं. राहील तिनं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं. "तुमचं तुम्हीच ठरवा," म्हणून सासूबाई मोकळ्या झाल्या.

"करवंदावर ठरवू की," जाऊ म्हणाली.

म्हणजे करवंद तोंडात टाकायच्या आधी ओळखायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. पाच-पाच करवंदं, जिची जास्त बरोबर तिनं जायचं. हिला झुडूप न् झुडूप पाठ, आणि मला तर आईला कधी एकदा बघीन असं झालेलं.

पण नशीब बघा! चार-चार करवंदांपर्यंत बरोबरी. माझं पाचवं बरोबर निघालं. जावेनं बांधावरच्या झुडपाचं एक तोडलं, "कोंबडी!" म्हणाली आणि चावलं. लालभडक!

"गेलं की गं! जा बाई, भर पिशवी." मी तिथंच नाचले.

पुढच्या उन्हाळ्यातही एकीलाच जाता येणार होतं, म्हणून पुन्हा डाव मांडला. आता मीही थोडी शहाणी झालेली. पुन्हा चार-चारपर्यंत बरोबरी. तिचं पाचवं बरोबर आलं. माझं शेवटचं तोडायला मी बांधावरच्या त्याच झुडपाकडं वळले, तशी ती म्हणाली, "त्येला काय बघतीस? त्या झुडपाला कोंबडी कधी लागतच न्हाय." आणि तिनं जीभ चावली.

मी वळून विचारलं, "आक्का, मग गेल्या साली..."

"गप. खेळ की मुकाट्यानं."

माझे डोळे भरून आले. त्याच झुडपाचं एक करवंद तोडलं आणि ठणकावून म्हणाले, "कोंबडी!"

"लबाड कुठली!" जाऊ म्हणाली आणि पिशवी भरायला घराकडं पळत सुटली.