धोमच्या काठी न दिसलेला प्रकाश

मुलाखतीचे बोलावणे आले त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगून टाकले, की मी मुंबईला जाणार नाही. राज्यसेवेची लेखी परीक्षा मी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले होते. परंतु कागदावर झरझर उतरणारे माझे उत्तर अनोळखी माणसांसमोर घशातच बसून राहते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. बाबा रागावले नाहीत. त्यांनी साताऱ्याच्या आत्याला फोन केला. आत्या तिथे प्राथमिक शाळेत शिकवते आणि दर हिवाळ्यात धोमजवळच्या एका ध्यानशिबिराला जाते. पोरीला तीन दिवस माझ्याबरोबर पाठव, मग काय ते तिचे तिला ठरवू दे, असे तिचे म्हणणे पडले. मीही तयार झाले. ध्यानाने भिडस्तपणा जात असेल, तर तोही एक विषय म्हणून शिकून घ्यावा, असा माझा हिशेब होता. अभ्यास करून न जमलेला विषय मला तोवर भेटला नव्हता.

कुणाला या शिबिराला जायचे असेल तर सांगलीहून सकाळची एस.टी. धरावी. हिवाळ्यात आष्टा-इस्लामपूरच्या पट्ट्यात बस उसाच्या गाड्यांमागे रांगते आणि गुऱ्हाळांचा गोडसर धूर खिडकीतून आत येतो. पेठनाक्याला महामार्ग लागला की वेग येतो. कराडला चहा घ्यावा, कारण पुढे साताऱ्यापर्यंत गाडी कुठे निवांत थांबत नाही. आत्या स्टँडवर उभी होती. तिने कंदी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला.

"आत्ताच खाऊन घे. तिथे गोड मिळायचं नाही आणि बोलायलाही मिळायचं नाही," ती म्हणाली. "न बोलण्याची तुला काय चिंता म्हणा."

साताऱ्याहून वाईला गाड्या भरपूर आहेत. वाईत तास-दीड तास हाताशी असेल तर घाटावर बसावे. आमच्या सांगलीत पावसाळ्यात घराघरांतून झोप उडवणारी कृष्णा इथे परकरी पोरीसारखी दिसते. पायऱ्यांवर धुणे धुणाऱ्या बायका तिच्याशी तितक्याच सलगीने वागतात. पुढे धोमकडे एस.टी. मोजक्याच. चुकली तर वडापची खासगी जीप मिळते, मात्र मांडीवर कुणाचे तरी गाठोडे घेऊन बसण्याची तयारी हवी.

शिबिर म्हणजे लष्करातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांच्या शेतातली लांब पत्र्याची शेड. समोर धोम धरणाचे पाणी, मागे गोठा. सगळे त्यांना सुभेदारकाका म्हणतात. शुल्क नाही, अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी आणि आपल्यापुरता शिधा आणायचा. थंडी मात्र कडक, लोकरीचे कपडे विसरू नयेत. जेवायला बाजरीची भाकरी आणि घेवड्याची आमटी. आम्ही वीसेक जण होतो. माझ्या शेजारची चटई वंदनाताईंची होती. त्या शिरवळकडच्या, घरची ऊसशेती, नवरा सैन्यात सीमेवर.

मौन सुरू होण्यापूर्वी काकांनी कवायतीच्या आवाजात एकच सूचना दिली.

"श्वास येतोय, जातोय, निस्तं बघायचं. मनात काय आलं तर त्येला हाकलायचं न्हाई, त्येच्या मागं बी जायाचं न्हाई. आन् शेवटच्या दिशी ज्येला जे दिसलं, ते त्येनं सांगायचं."

पहिला दिवस मला अतिशय सोपा गेला. इतरांची चुळबुळ चाले, कुणी खोकत, वंदनाताई तर बसल्या बसल्या पेंगत. मी पाठ ताठ ठेवून बसले होते आणि काका जवळून गेले की ती आणखी ताठ करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्यावरून वारा येत होता आणि मी श्वास पाहत होते, निदान माझी तशी समजूत होती. मग हळूहळू लक्षात आले, की माझ्या आत वाक्ये चालू आहेत. 'अंतर्यामी एक निळसर प्रकाश उमलत गेला.' उमलत की उजळत? उमलत बरे. शेवटच्या दिवशी सांगायचा अनुभव मी आदल्या दिवसापासून रचत होते. त्यात प्रकाश होता, शांती होती, एक समर्पक उपमाही होती. घडले मात्र त्यातले काहीच नव्हते. मला सगळे शांत मुलगी म्हणतात. त्या दुपारी मी पहिल्यांदा ऐकले, की माझ्या आत किती कलकलाट असतो. कुणाला काय वाटेल, याची उत्तरे मी अखंड तयार करत असते, आणि उत्तर निर्दोष होईपर्यंत बोलण्याची वेळ निघून गेलेली असते.

हे उमगूनही तिसऱ्या सकाळी माझ्याजवळ ते रचलेले वाक्यच होते. गोल करून बसलो. माझ्या आधी वंदनाताई बोलल्या.

"मला तर म्हसच दिसली. पैल्या दिशी म्हस, दुसऱ्या दिशी म्हस. आज पहाटं आमचं मालक दिसलं, तर ते बी म्हशीला पेंड घालताना." सगळे हसले, त्याही हसल्या. मग त्यांनी पदर ओठांशी धरला.

माझी पाळी आली. निळसर प्रकाशाचे वाक्य इतके सुरेख बाहेर पडले, की माझाच विश्वास बसेना. आत्या कौतुकाने पाहू लागली. वंदनाताईंनी खाली पाहत पुटपुटल्यासारखे म्हटले, "बघा. आमाला म्हशीबिगर काय दिसंना."

मी थांबले. पुढचे वाक्य तयार होते, आणि तरीही थांबले.

"हे खरं नाही," मी म्हणाले. "प्रकाश वगैरे काही दिसला नाही. मी... मी तीन दिवस हेच पाठ करत होते. तुम्हाला खरंच काहीतरी दिसलं, ताई. मला नाही."

पुढे काय बोलावे ते मुळीच ठाऊक नव्हते. सुभेदारकाकांनी घसा खाकरला.

"लाईट दिसली न्हाई, त्येचं एवढं मनाला लावून घिऊ नगंस पोरी. हितं दिवसा करंटच नसतुया."

सगळ्यांत मोठ्याने वंदनाताई हसल्या. निघताना त्यांनी मला गावी येण्याचे आग्रहाचे निमंत्रण दिले. म्हैस दाखवीन म्हणाल्या.

परतीच्या प्रवासात आत्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. तिच्यासारख्या बाईला ते किती जड गेले असेल, याची मला कल्पना आहे.

सांगलीत पोहोचल्यावर मी स्वतःला तपासून पाहिले. भिडस्तपणा होता तिथेच होता. पहाटे खिडकीशी बसते, तेव्हा वाक्ये अजूनही येतात. एवढेच, की आता ती येताना दिसतात. एखादे मी पूर्ण न करता तसेच जाऊ देते. एवढ्यासाठी कुणी इतका प्रवास करावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी पुन्हा जाईन.

रात्री जेवताना बाबांनी वाढून घेत, माझ्याकडे न पाहता विचारले, "मग, आता बोलता येतं का?"

"नाही. भीती तशीच आहे. पण मी मुंबईला जाणार आहे."

बाबांचा हात थांबला. "तिकिटं किती काढू? एक की दोन?"

याचे उत्तर मी तयार केले नव्हते. धीट मुलीने एक म्हणावे, हे मला कळत होते.

"दोन," मी म्हणाले. "तुम्ही दारापर्यंत या. आत मी जाईन."