काकड्यांच्या बरणीतलं पाणी

रोझेल टिन्स्लीला स्वस्थ बसायला सांगितलं की त्याचा जीव जातो. शाळेची बस चालवताना बसतो ते निराळं. तिथे मागे पन्नास पोरं किंचाळत असतात, बसल्यासारखं वाटतच नाही. पण डेल्मार रस्त्याच्या दक्षिणेला, गोऱ्यांच्या वस्तीतल्या दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून "पाच मिनिटं शांत बसा" म्हटलं, की त्याचे पाय आपोआप हलायला लागतात. मार्चमध्ये तिथे रक्तदाब आला एकशे अडुसष्ट. बस चालवायचा दाखला एरवी वर्षाचा मिळायचा, तो तीनच महिन्यांचा मिळाला. तेवढ्या मुदतीत एकशे चाळीसच्या आत या, नाहीतर बस विसरा.

रोझेल छत्तीस वर्षांचा. वडील एकेचाळिसाव्या वर्षी गवत कापता कापता गेले, थोरला भाऊ चौतिसाव्या वर्षी. दोघांचंही हृदय. टिन्स्लींच्या घरात पुरुषाचा पिकलेला केस कुणी पाहिलेला नाही. आता पुरुष म्हणजे दोनच उरले, तो आणि धाकटा भाऊ, अठ्ठावीस वर्षांचा कॉर्विन.

कॉर्विनला सगळ्याचीच थट्टा. "काय म्हाताऱ्या, आज किती? दोनशे झाले की केक कापू."

"गप रे. आधी तुझं मोजून ये."

"माझं कशाला? घोडा आहे मी, घोडा!"

आईचा उपाय ठरलेला. फ्रिजमध्ये मुरवलेल्या काकड्यांची मोठी बरणी, तिच्यातलं आंबट पाणी रोज सकाळी अर्धा पेला. "मिसिसिपीत तुझ्या आजीनं याच पाण्यानं निम्म्या गावाचं रक्त पातळ केलं," असं म्हणत ती पेला पुढे करायची. वडीलही हेच पाणी प्यायचे, पण तो विषय त्या स्वयंपाकघरात कुणी काढत नसे.

दवाखान्यातून गोळ्या लिहून दिल्या होत्या. डेल्मारच्या उत्तरेला आम्हा काळ्यांची वस्ती, तिथलं औषधांचं शेवटचं दुकान केव्हाच बंद पडलंय. त्याच जागेत आता माणसांच्या रक्तातला प्लाझ्मा विकत घेणारं केंद्र आहे. औषध न्यायचं आणि रक्त काढायची सोय करून द्यायची, किती ती आमची काळजी! कॉर्विन आठवड्यातून दोनदा तिथे प्लाझ्मा विकायला जायचा. रोझेल मात्र गोळ्यांसाठी दोन बस बदलून दक्षिणेला जायचा.

वर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चाला. चालायचं कुठे? उत्तरेला फुटपाथ उखडलेले, ओसाड घरांतून सुटी कुत्री. दक्षिणेला गर्द झाडं आहेत, बाकंसुद्धा आहेत. तिथे तो दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी शेजारून हळूहळू सरकायला लागली. "इथेच राहतोस का?" त्यानंतर तो बसच्या आगारातच चालायला लागला. एकसष्ट उभ्या गाड्यांभोवती रोज सात फेऱ्या. रखवालदाराला वाटलं, याचं काहीतरी हरवलंय.

चर्चमध्ये मिस अर्नेटा होत्या. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, भजनाच्या भरात कोसळणाऱ्याला सावरून वारा घालायचं त्यांचं काम. दर रविवारी प्रार्थना संपली की त्या रोझेलचा दाब मोजायच्या. एकशे चौसष्ट. एकशे सहासष्ट. गोळ्या घेऊन, चालून, उतरायचं नाव नाही. रोझेलची झोप उडाली.

"खातोस काय तू, पोरा?"

"तुम्ही सांगितलंत तेच, मिस अर्नेटा. मीठ तर बंदच आहे."

"आणि पितोस काय?"

त्यानं सांगितलं. मिस अर्नेटांनी हातमोजा काढला आणि त्याच्या दंडावर फाडकन चापट मारली. "अरे, मीठच पितोयस तू! रोज अर्धा पेला!"

आईनं दोन दिवस अबोला धरला, पण पेला पुढे करणं थांबवलं. मग एकशे बावन्न आलं. मग सेहेचाळीस. रोझेलला तरी चैन नव्हतं. उठायचा, फ्रिज उघडायचा, उगीच बंद करायचा. बरणीतलं पाणी रोज कमीच होत होतं. आईच पीत असणार, हट्टी बाई, असं म्हणून त्यानं सोडून दिलं. कॉर्विननं प्लाझ्मा केंद्रात जाणं सोडलं होतं. "सुयांचा कंटाळा आला," म्हणाला. रोझेलला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वतःच्या आकड्यापलीकडे त्याला काही दिसतच नव्हतं.

जूनमध्ये दवाखान्यातल्या बाईंनी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा एकशे छत्तीस. वर्षाचा दाखला खिशात घालून रोझेल जवळजवळ पळतच घरी आला. "कॉर्विन! अरे घोड्या, केक आण!"

स्वयंपाकघरात कॉर्विन उघड्या फ्रिजसमोर उभा होता. बरणी दोन्ही हातांनी तोंडाला लावलेली, पाणी घटाघटा घशाखाली उतरत होतं. तळाशी काकड्या कोरड्या पडल्या होत्या.

त्यानं तोंड पुसलं. "तहान लागली होती."

"किती आहे तुझा?"

"म्हाताऱ्या, तू ना उगीच..."

"कॉर्विन, किती?"

कॉर्विननं बरणी ओट्यावर ठेवली. "सुई टोचायच्या आधी मोजतात तिथे. तीनदा परत पाठवलं मला." मग हळूच म्हणाला, "शेवटी एकशे एक्क्याण्णव होता. तुझं आधी होऊ दे म्हटलं, माझं ऐकून तुझा परत चढला असता. तोवर आजीचं पाणी होतंच. बस गेली असती तर आईनं काय केलं असतं?"

रोझेलला ओरडायचं होतं. त्याऐवजी त्यानं मिस अर्नेटांना फोन लावला, पट्टा घेऊन ताबडतोब या म्हणाला, आणि भावाला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"पाच मिनिटं शांत बस," तो म्हणाला आणि समोर बसला. टेबलाखाली दोघांचेही पाय हलत होते.