ओळखणारी दोन माणसं

करारकाकू साक्षीदारांची परीक्षा घ्यायच्या. थट्टा नाही, खरोखरची परीक्षा. भाडेकराराला दोन साक्षीदार लागतात, आणि घरमालक-भाडेकरू दोघांनाही आम्ही व्यक्तिशः ओळखतो, असं त्यांनी लिहून द्यायचं असतं. सगळं शहर तिथं डोळे मिटून सही ठोकतं. काकू मात्र आधी विचारायच्या, "ओळखता ना मला? मग सांगा, मी चहात साखर किती घेते?"

पिशोरहून येऊन मी वाळूजला कंपनीत लागलो, तेव्हा गारखेड्यात त्यांच्या वरच्या दोन खोल्या बघायला गेलो होतो. काकू रजिस्ट्री ऑफिसातून निवृत्त झालेल्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मी शहाणपणा पाजळला, "काकू, अकरा महिन्यांचाच करार करू, म्हणजे नोंदवायची भानगड नाही."

काकूंनी चष्म्यावरून असं बघितलं, की मला वाटलं, गेली खोली हातची!

"अख्ख्या गावाला हेच वाटतं! अरे, आपल्या राज्यात महिन्याभराचा असला तरी नोंदवावाच लागतो. अन् ती जबाबदारी माझी, घरमालकाची. नाही नोंदवला, तर उद्या तू सांगशील त्याच अटी खऱ्या धरतील. म्हणशील, काकूंनी अंगणातले पेरू पण मलाच दिलेत!"

साक्षीदार म्हणून मी कंपनीतला एक सोयगावचा दोस्त नेला. साखरेच्या प्रश्नावर तो बिचारा माझ्याकडंच बघायला लागला. काकूंनी त्याला चहा पाजला, पेरू दिले आणि परत पाठवला. "ह्याला माझ्या घराचा जिना कुठंय ते माहीत नाही, अन् म्हणे ओळखतो!"

मग त्यांनी आपली माणसं बोलावली. शेजारचे देशपांडे सर आणि मागच्या गल्लीतल्या गायकवाड बाई, निवृत्त नर्स. दोघं एकदमच बोलले, "दीड चमचा. पण विचारलं की एक सांगते!" काकू अशा हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पुढं दर अकरा महिन्यांनी ती संध्याकाळ यायची. काकू सकाळपासून पोह्यांच्या तयारीला लागायच्या. करार करून देणारे रियाजभाई लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन यायचे, आणि मशीन काकूंचा अंगठा काही केल्या घ्यायचं नाही. "काकू, घिस गया तुम्हारा अंगूठा," रियाजभाई म्हणायचे. "तीस वर्षं दुसऱ्यांचे अंगठे घेतले रे, माझा कुठून राहील?" मग सरांचे विनोद, बाईंच्या दवाखान्यातल्या गोष्टी. एरवी खालून टीव्हीशिवाय दुसरा आवाज नसायचा.

हे सगळं मला दिसत होतं, पण कळत नव्हतं. एकदा शिफ्टहून वैतागून आलो आणि म्हणालो, "काकू, एकदाच तीन वर्षांचा करून टाकू ना. कशाला दरवेळी ही कटकट?"

"कायद्यात बसतं," म्हणाल्या. मग हळूच, "म्हणजे तीन वर्षं कुणी यायचं नाही म्हण." मी हसलो, आणि करार तीन वर्षांचाच झाला. लई हुशार ना मी!

त्या तीन वर्षांत देशपांडे सर लेकीकडं पुण्याला कायमचे गेले. गायकवाड बाई वारल्या. मी सकाळी शिफ्टची बस पकडायचो, आल्यावर बाहेरच्या जिन्यानं थेट वर. नव्या कराराच्या वेळी रियाजभाईंनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून दोघांना आणलं. काकूंनी सवयीनं प्रश्न विचारलाच. एक म्हणाला, "या वयात बिनसाखरेचाच असेल." पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या.

मी न राहवून बोललो, "दीड चमचा. विचारलं की एक सांगतात."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरोबर. पण तू चालत नाहीस रे. तू पक्षकार. पक्षकाराला आपल्याच करारावर साक्षीदार होता येत नाही." मग मशीनवर अंगठा दाबत म्हणाल्या, "मला ओळखणारी दोन माणसं या गावात उरली नाहीत. रियाज, अकराच महिने टाक."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून बसच्या आधीचा चहा मी खाली त्यांच्याकडंच प्यायला लागलो.

ते अकरा महिने पुरे झाले नाहीत. एका सकाळी चहाला गेलो, तर दार उघडलं नाही. डॉक्टर येऊन गेले. काकूंचा नागपूरचा भाचा वाटेत होता. स्मशानभूमीच्या ऑफिसात कारकुनानं फॉर्म पुढं केला. "माहिती देणाऱ्याचं नाव सांगा. मयताशी नातं?"

"भाडेकरू," मी म्हणालो.

त्यानं पेन थांबवलं. "घरचं कुणी नाही? बरं, तुम्ही ओळखता ना त्यांना? व्यक्तिशः?"

"ओळखतो," मी म्हणालो आणि सही केली. त्या कागदावर मी पक्षकार नव्हतो.