सरकारला ऊन लागलं

सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला ओल्या झेंडूच्या हाराचा वास आला, की आजही मला माझं अर्धं राहिलेलं भाषण आठवतं.

परतूरजवळच्या आमच्या गावात मी सातवीत होते. भाषणाचा विषय होता, राजा बरा की लोकांचं राज्य? वडील त्याच शाळेत मास्तर. निजामाच्या गोष्टी सांगत त्यांनी आठवडाभर माझ्याकडून भाषण घोकून घेतलं. शेवटचं वाक्य त्यांचंच होतं: आज सरकार म्हणजे आपण सगळे.

पाहुणे होते गावचे देशमुख. ते तासभर उशिरा आले. तोवर ऊन चढलं होतं आणि टेबलावरचा हार सुकत चालला होता. मी शेवटच्या वाक्याशी आले, तेवढ्यात वडील खुर्चीवरून उठले.

“बस कर आता,” ते म्हणाले. “सरकारला ऊन लागून राह्यलं.”

आणि हार उचलून ते देशमुखांपुढे कमरेत वाकले.

घरी आल्यावर मी वडिलांना विचारलं, “दादा, सरकार म्हणजे आपण ना?”

“आपल्या शेताची वाट त्यांच्या रानातून जाती, पोरी,” एवढंच ते बोलले.

त्यांची भीती आता कळते, पण राग गेलेला नाही.

वडील वारले तेव्हा त्यांना त्याच वाटेनं शेतात नेलं. समोरून देशमुखांच्या नातवाची जीप आली. खांदेकऱ्यांतलं कुणीतरी हळूच म्हणालं, “थांबा जरा, सरकारला जाऊ द्या.”

सगळे थांबले. मीही थांबले.