पितळेच्या तीन जिभा

वैजयंतीचा गळा चांगला नाही. हे आधीच सांगतो, कारण ती संगीतासाठी जर्मनीला गेली म्हटलं की लोकांना वाटतं, गायिका असेल. तिला गाता येत नाही. तिला ऐकता येतं.

ती आमच्या पिंगळीच्या बसवराज दुकानदारांची थोरली मुलगी. त्यांचं किराणा दुकान स्टेशनच्या रस्त्याला आहे, माझं घर त्याच्या शेजारी. मी पूर्णेला रेल्वेत एकतीस वर्षं फिटर होतो. निवृत्त झालो तरी ओसरीत लोखंड धरायचा वाईस बसवलेला आहे. कुणाचं कुलूप येतं, कुणाचा पंप येतो. हात चालू राहतो.

बसवराजांच्या समाजाचं शिवभजन दर सोमवारी मठात असतं. पेटीवर शिवप्रकाश गुरुजी. वैजू तेव्हा चौदा वर्षांची होती. भजनात बसून ती मधेच तोंड वाकडं करायची.

तिची आई महादेवी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "देवापुढं बसून तोंड काय वाकडं करायलीस?"

"पांढरी पाच उतरलीय," वैजू म्हणाली.

गुरुजी हसले. "चाळीस वर्षं मी वाजवायलोय. मला न्हाई कळलं ते?"

"तुमाला सवय झालीय, गुरुजी."

गुरुजींनी पेटी उघडून दिली. म्हणाले, बघ बाई, तूच बघ. पेटीच्या आत प्रत्येक सुराची एक पितळी जीभ असते. वारा लागला की ती थरथरते. वैजूनं पांढऱ्या पाचची, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीची, जीभ काढून माझ्याकडे आणली.

"काका, ही टोकाला घासून द्या. टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. मी वाचलंय."

"वाचलंयस तर तूच घास," मी म्हणालो. तिला बारीक कानस दिली आणि पितळेचा भंगार पत्रा दिला. "आधी ह्याच्यावर. हात सरळ जायला लागला की सांग."

दीड महिना ती शाळेतून आली की पत्रा घासायची. हात सरळ जात नव्हता. मी तसं सांगत होतो. दोनदा ती रडली, पण कानस खाली ठेवून नाही रडली. मग एक दिवस पत्र्याची कड मी नखावर घेतली, तर कुठे अडकली नाही. त्या सोमवारी पांढरी पाच सुरात वाजली. गुरुजींनी तो सूर जास्त वेळ धरून ठेवला.

सतरा वर्षांची होईपर्यंत चुडाव्यापासून पोखर्णीपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या तिच्याकडे यायला लागल्या. बसवराजांना ते छंद म्हणून चालत होतं. शिक्षण वेगळं. तिनं नांदेडला मेकॅनिकल डिप्लोमा केला आणि पुण्याच्या एका कंपनीत तिची निवड झाली. त्याच महिन्यात तिनं घरात सांगितलं की जर्मनीत ऑर्गन दुरुस्तीचं शिक्षण असतं. चर्चमधले मोठे बाजे आणि पायानं भाता मारायच्या जुन्या पायपेट्या. साडेतीन वर्षं कारखान्यात हातानं काम करून शिकायचं. दीड वर्ष ती मोबाइलवर जर्मन शिकत होती, हे तेव्हा आम्हाला कळलं.

"लोकांची पोरं परदेशात जाऊन साहेब व्हायलेत," बसवराज म्हणाले. "आमची मिस्त्री व्हायला चालली."

मी तिथेच बसलो होतो. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमाला न्हाई म्हणालो, सटवाजीराव."

"म्हणालात तरी काय. मिस्त्रीच हाय मी."

तिनं अर्ज केलेल्या एका कारखान्यानं आधी तीन आठवडे काम करून दाखवायला बोलावलं होतं. बसवराजांनी अट घातली. जमलं तर जा. न्हाई जमलं तर पुण्याची नोकरी, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. वैजूनं कबूल केलं. ती गेली.

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास तिचा फोन आला. तिथे साडेसात वाजले होते.

"काका, चुकलं."

मी काय ते नीट सांग म्हणालो. तिनं सांगितलं.

तिच्या उस्तादानं, तिकडच्या हुद्द्याचा अर्थ तोच होतो म्हणते ती, एका गावातली शंभरावर वर्षांची पायपेटी तिच्या हातात दिली होती. त्यातले तीन सूर चढले होते. त्यानं तिकडच्या अक्षरांत त्या सुरांची नावं लिहून दिली आणि सांगितलं, प्रत्येकाला बुडाशी कानशीचे दोन हात मार, जास्त नाही, पुढचं मी बघतो. वैजूनं ती नावं आपल्या वहीत आपल्या भाषेत उतरवली. पांढरी दोन, पांढरी चार, पांढरी पाच. आपल्याकडे पेटीवाले असंच बोलतात. पण त्या जुन्या बाज्यात रंग उलटे होते. आपल्याकडे ज्या पट्ट्या पांढऱ्या, त्या तिथे काळ्या, आणि काळ्या त्या पांढऱ्या. तिनं वही बघितली, पांढऱ्या मोजल्या, आणि तीन चांगल्या जिभा काढून घासल्या. सकाळी लवकर जाऊन वाजवून बघितलं, तेव्हा कळलं. चढलेले तीन तसेच, आणि दुसरेच तीन बिघडलेले.

"उस्ताद कधी येतो?"

"आठला." मग ती म्हणाली, "काका, टोकाला दोन हात मारले तर सूर जागेवर येतो. तेवढा वेळ हाय. कुणाला कळणार न्हाई."

"जीभ?"

"बारीक होईल. दहा-पंधरा वर्षांनी तुटंल."

"मग मला कशाला फोन केलास?"

तिच्या मागे कुठेतरी दार वाजल्याचा आवाज आला आणि तिनं फोन ठेवला.

पुढचं तिनं दोन दिवसांनी सांगितलं. तिनं उस्तादाच्या हातात तिन्ही जिभा दिल्या आणि म्हणाली, ह्या मी खराब केल्या. त्यानं भिंगातून बघितल्या. का, म्हणून विचारलं. तिनं वही दाखवली आणि काळी-पांढरीचा हिशेब समजावला. त्यानं आधी तिच्या वहीकडे बघितलं, मग बाज्याकडे. तो हसला नाही. म्हणाला, घासलेलं पितळ परत येत नाही. तीन नव्या जिभा कर. कशी करायची ते एकदाच दाखवीन.

नऊ दिवस राहिले होते. पितळेचा पत्रा कापायचा, घासायचा, वाकवायचा, बसवायचा. पहिली जीभ पाचव्या खेपेला जमली, दुसरी तिसऱ्या खेपेला. तिसरी सहा वेळा बिघडली. रविवारी कारखाना बंद असतो, त्या दिवशी ती खोलीत बसून सुरांची तिकडची नावं पाठ करत होती. शेवटच्या शुक्रवारी दुपारी तिसरी बसली. उस्तादानं तिन्ही वाजवल्या, मान हलवली आणि जेवायला गेला. तिला घेणार की नाही ते सांगितलं नाही.

ती परत आली. तीन आठवडे बसवराजांनी तिला काही विचारलं नाही. पुण्याच्या कंपनीचं पत्र गल्ल्याशेजारी ठेवलेलं होतं, सही करायची राहिलेली. वैजू दुकानात बसून साखर, डाळ मोजून द्यायची. पेट्या आल्या तर घ्यायची नाही.

मग जर्मनीहून उत्तर आलं. मोबाइलवर आलं, पण बसवराजांनी स्टेशनजवळच्या दुकानातून त्याचा कागद काढून आणायला लावला. वैजू उभी राहून एकेक ओळ मराठीत सांगत गेली.

"चूक मोठी होती. तुम्ही ती स्वतः सांगितली. तुम्ही केलेल्या तीन जिभांपैकी दोन चांगल्या आहेत. एक चालण्यासारखी आहे. सप्टेंबरमध्ये कामाला या."

बसवराज माझ्याकडे वळले. "चालण्यासारखी म्हणतो आन् बोलवतो बी? हा कसला मानूस?"

"जो चांगल्याला चांगलं आन् चालण्यासारख्याला चालण्यासारखं म्हणतो, त्याच्याकडं शिकायला पाठवायला हरकत न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी कागदाची दोनदा घडी घातली, पुन्हा उघडली. एक गिऱ्हाईक तेल मागत उभं होतं, त्याला थांबा म्हणाले.

"पुण्याला काय कळवायचं?" त्यांनी वैजूला विचारलं.

"येत न्हाई म्हणून."

"मीच कळवतो. तुझं मराठी आता जर्मनसारखं यायलंय."

तिचं दुसरं वर्ष आता संपत आलंय. पुढे तिकडेच काम करायचं की इकडे येऊन पेट्यांचा कारखाना काढायचा, हे तिनं ठरवलेलं नाही. मी विचारत नाही. अजून दीड वर्ष शिकणं बाकी आहे. दर महिन्याला ती केलेल्या कामाचा फोटो पाठवते. मी मोबाइलवर तो मोठा करून कडा बघतो. गेल्या महिन्यात एका जिभेची डावी कड मला सरळ वाटली नाही. तसं कळवलं.

तिचं उत्तर आलं, "तो आधीचा फोटो हाय, काका. ती टाकून दिली. दुसरी करायलेय."