खंडेराव टर्नर यांचा पत्ता

दुपारी तीनच्या बॅचला आम्ही दोघीच असायचो. इंदिरानगरात आमच्या गल्लीच्या टोकाला साक्षीने गॅरेजमध्ये तीन कॉम्प्युटर मांडून क्लास काढला होता. साल २००६. साक्षी माझीच विद्यार्थिनी. शाळेत तिचं गणित पक्कं आणि हस्ताक्षर वाईट होतं. मी ईमेल शिकायला जायची. लताबाई वेबसाइट करायला यायच्या.

पन्नाशीच्या, घोटीकडच्या, नऊवारीतून अलीकडेच सहावारीत आलेल्या या बाई कळफलकावर एका बोटाने टाइप करत. बोट खाली आणण्याआधी ते अक्षरावर क्षणभर थांबवत. दहावीपर्यंतचं इंग्रजी त्यांनी तीस वर्षं जपून ठेवलं होतं.

त्यांचे यजमान खंडेराव. सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते, आणि १९९१ साली त्यांनी स्वतःचा गाळा घेऊन एक जुना लेथ, लोखंड कातायचं यंत्र, बसवला. भाताच्या गिरण्यांच्या जुन्या यंत्रांचे सुटे भाग कुठेच मिळत नसत, ते खंडेराव करून देत. पेठ, सुरगाण्याकडून, पार गुजरातच्या हद्दीवरूनही माणसं गोणपाटात गुंडाळलेलं तुटकं लोखंड घेऊन एसटीने येत. लताबाई सांगत, "घरात कायम तुसाचा वास. पाहुणा आला की कपडे झटकून आत यायचा, तरी यायचाच तो वास."

२००४ साली खंडेरावांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळलं. गाळा सोडावा लागला. लेथ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणला, फोनचा नंबर बदलला. येणारी गिऱ्हाइकं सातपूरला जाऊन दुसऱ्याचं कुलूप बघून परत फिरू लागली. खंडेरावांनी कधी कुणाचा पत्ता लिहून ठेवला नव्हता. सगळे डोक्यात, आणि आता ते डोक्यातच विरत चालले होते. लताबाई स्वतः घोटीला जाऊन दोन गिरण्यांत सांगून आल्या, पण दोन्हींत नवी यंत्रं आली होती.

हात गेला त्याचं खंडेरावांना तितकं दुःख नव्हतं. हाताचं काम काळू करायला तयार होता. काळू हा त्यांचा कारखान्यातला जुना सोबती, पहिली शिफ्ट सुटली की रोज चहाला यायचा. पण खंडेरावांनी मनाशी धरलं होतं की आपण आता कुणाला लागत नाही. दिवसभर खाटेवर बसून ताडपत्री टाकलेल्या लेथकडे बघत. सिन्नरच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी लेथ द्यायचं कबूल केलं. दसऱ्याला पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी त्याने न्यायचा.

"लेथ गेला ना बाई, की हा माणूस उठायचा नाय," लताबाई मला म्हणाल्या होत्या. म्हणून वेबसाइट.

पान तयार झालं. वर लेथचा फोटो, खाली भागांची नावं, पत्ता, फोन. पण सर्च इंजिनमध्ये राइस मिल आणि नाशिक असं टाकलं की लताबाईंचं पान चौदाव्या पानावर. कुणीतरी सांगितलं, शब्द पुन्हा पुन्हा आला की पान वर चढतं. लताबाईंनी एका बैठकीत 'राइस मिल' साठ वेळा टाइप केलं. ओठ हलत होते, डोळे अर्धवट मिटलेले.

साक्षी कपाळाला हात लावून म्हणाली, "काकू, जप करताय का?"

"देव पावतो की जपानं."

"देव पावेल. हे मशीन चिडतं. त्याला वाटतं आपण फसवतोय."

खरोखरच आठवड्याभरात पान चौदाव्यावरूनही गेलं. साक्षीने साठातले सत्तावन्न शब्द खोडले, पानाला नीट शीर्षक दिलं, उद्योगांच्या दोनतीन याद्यांमध्ये नोंद केली. पान नवव्यावर आलं आणि तिथेच राहिलं.

मग एका दुपारी तिने लताबाईंच्या शेजारी स्टूल ओढलं.

"काकू, ते लोक सातपूरला येऊन काय विचारायचे? राइस मिल पार्ट कुठे मिळतात, असं?"

"छे. यांनाच विचारायचे. हे कुठं बसतात म्हणून."

"'हे' म्हणायचे?"

"नाय गं, ते कशाला 'हे' म्हणतील! नाव घ्यायचे."

"मग शोधतानाही तेच नाव टाकणार ना? पानावर नाव कुठाय?"

आम्ही तिघींनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. 'अवर ओनर' सात वेळा होतं. 'माय मिस्टर' दोन वेळा. एकदा नुसतंच 'ही'. यजमानांचं नाव एकदाही नव्हतं. साक्षीला ते कधी खटकलं नव्हतं, मलाही नाही. मीही जन्मभर माझ्या नवऱ्याला 'अहो' म्हणूनच हाक मारली.

"सांगा, टाकते मी," साक्षीने कळफलक ओढला.

लताबाईंनी तिचं मनगट धरलं. "थांब."

"तुम्ही नका घेऊ, मीच लिहिते."

"पान माझं हाय. कुणीबी लिहिलं तरी माझ्याच तोंडचं."

त्यांच्या सासूबाई नवसाबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, बाईने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तेवढं तुटतं. एरवी लताबाईंनी हसून सोडून दिलं असतं. पण खंडेराव दवाखान्यातून अर्धे परत आले होते. उरलेल्या अर्ध्याला धक्का लावायची त्यांची हिंमत नव्हती.

पुढचे आठ दिवस त्या क्लासला आल्या नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. ऊन कलतं होतं. शेडच्या पत्र्याला पडलेल्या भोकांतून उन्हाचे ठिपके ताडपत्रीवर पडले होते आणि खंडेराव ते एकामागून एक सरकताना बघत होते. मला बघून त्यांनी डाव्या हाताने नमस्कार केला. तोंडातून शब्द निघायला वेळ लागला. "बाई... मशीन द्यायचंय. कुणाला... लागत नाय आता."

लताबाई मला मागच्या पायरीवर घेऊन बसल्या. म्हणाल्या, दुपारी डोळा लागला की रोज तेच दिसतं. घोटीचा रस्ता, दोन्हीकडे पिवळं झालेलं भात, हवेत तूस उडतंय आणि त्यातून एक माणूस गोणपाट काखेत धरून येतोय. चेहरा दिसत नाही. तो प्रत्येक दाराशी थांबून यांचं नाव घेतो. माणसं नाही म्हणून मान हलवतात. मग तो माझ्या दाराशी येतो, तेच नाव घेतो आणि मी पण मान हलवते.

"मान का हलवता?"

"तोंड उघडत नाय, बाई. गोड झोप लागल्यावानी वाटतं, अन् तो पुढं निघून जातो."

ऊन उतरल्यावर मी परत निघाले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्या क्लासला हजर. हातात वहीचं फाडलेलं पान. "उखाण्यात घेतलेलं चालतं," त्या म्हणाल्या. "सासूबाई सोता मंगळागौरीला घ्यायला लावायच्या. उखाण्यात घेतलं तर आयुष्य तुटत नाय, वाढतं."

साक्षी उठून उभी राहिली. लताबाईंनी स्वतः, एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. पानाच्या अगदी वर, लेथच्या फोटोखाली:

भाताच्या गिरणीत फिरते शाफ्टवर पुली,
खंडेरावांच्या कामाची दारं सदा खुली.

खाली साक्षीच्या सांगण्यावरून 'खंडेराव टर्नर, नाशिक, आधी सातपूर' एवढं. शेवटचं अक्षर झालं तेव्हा लताबाईंच्या गालांवर लाली चढली होती.

दोन आठवड्यांनी साक्षीने यजमानांचं नाव टाकून पाहिलं. पहिल्या पानावर दुसऱ्या ओळीत उखाणा होता.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना फोन आला. पेठकडचा हिरामण. भात कापणीला महिना राहिला, गिरणी बंद, सातपूरला दोनदा येऊन परत गेलेला. शेवटी भाच्याने सायबर कॅफेत बसून नाव शोधून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा मी तिथेच होते. काखेत गोणपाट होतं, पण चेहरा मात्र स्पष्ट होता, मिशीसकट, आणि पान खाऊन ओठ लाल झालेले.

"काकी, उखाणा लय भारी," तो दारातूनच ओरडला. "माझी बायको म्हणती, तिकडं मशीन बनवतात का लग्न लावतात?"

लताबाईंनी पदर तोंडाला लावला. खंडेरावांनी विचारलं, "कसला... उखाणा?" हिरामणने सगळा म्हणून दाखवला, हावभावासकट. खंडेराव बायकोकडे बघत राहिले. त्या चहा टाकायला निघून गेल्या.

हिरामणने गोणपाट सोडून गिरणीची शाफ्ट खाटेवर ठेवली. खंडेरावांचा डावा हात तिच्यावरून हळूहळू फिरला आणि एका जागी थांबला. मग परत मागे आला, पुन्हा तिथेच थांबला.

"नवी शाफ्ट... नको," ते म्हणाले. "बेअरिंगची जागा... खाल्ली. बूश करू. काळू करंल. मी... बसतो."

दुपारी काळूने ताडपत्री ओढली. लोखंडाचे निळसर कुरळे तुकडे शेडमध्ये उडायला लागले आणि खंडेराव खुर्ची लेथपाशी घेऊन बोटाने 'अजून, अजून, बास' दाखवू लागले. हिरामण संध्याकाळच्या एसटीने बूश, झिजलेल्या जागी बसवायचं ते कडं, घेऊन गेला. सिन्नरच्या व्यापाऱ्याला फोन खंडेरावांनी स्वतः केला. तीन शब्दांचा होता, पण त्याला चांगली पाच मिनिटं लागली.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी लताबाई त्यांना क्लासला घेऊन आल्या. साक्षीने खुर्चीवर उशी ठेवली. खंडेरावांनी पान पाहिलं, उखाणा दोनदा वाचला. मग खालची यादी वाचली आणि नाराज झाले.

"हे... अर्धंच लिहिलं."

"मग सांगा ना," लताबाई म्हणाल्या.

ते सांगू लागले. पुली, बूश, चाळणीची फ्रेम, रोलरची शाफ्ट. पुढच्या भागाचं नाव काही केल्या जिभेवर येईना. तेव्हा त्यांनी डावा हात हवेत वर केला, बोटं वळवली, एक गोल काढला, त्याला एक दांडी लावली. लताबाई त्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी बोट अक्षरावर नेलं आणि टाइप करायला सुरुवात केली.