तोफेच्या हाताखालची सिस्टर

हॉस्पिटलच्या धुलाईघरातल्या मुकादमबाईला सगळे मागून ‘तोफ’ म्हणायचे. देवबिव तिच्या खिजगणतीतही नव्हता. म्हणून तर हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी वॉर्डातल्या सिस्टरला शिक्षा म्हणून तिच्या हाताखाली दिलं. सरकारनं प्रार्थनेवर बंदी आणली, तेव्हा सगळ्या स्टाफनं ‘देव नाही’ एवढं म्हणायचं होतं. बाकीच्यांनी म्हणून टाकलं. सिस्टर गप्प उभी राहिली.

“चांगली पिळून काढा तिला,” साहेब म्हणाले. तोफेनं हयगय केली नाही. सगळ्यात जड पिंप, सगळ्यात कढत पाणी तिच्याच वाट्याला. सिस्टरच्या हातांची सालं निघाली, पण तोंडातून ब्र निघाला नाही. नुसते ओठ हलायचे.

“काय पुटपुटतेस गं? मला शिव्या?”

“नाही ताई. सकाळी पिंप उचलताना तुमची पाठ धरली ना, तेवढं देवाच्या कानावर घातलं.”

“त्याला दुसरे उद्योग नाहीत वाटतं!” तोफ फणकारली. पण त्या दिवशी तिचं कशात लक्ष लागेना. नवरा गेल्यापासून तिच्या पाठीची कुणी चौकशी केली नव्हती.

मग एकदा साहेब अचानक उगवले. “ही इथं प्रार्थना करते म्हणे?”

“छे हो! चादरी मोजते,” तोफेनं ठोकून दिलं.

सिस्टरनं हातातली चादर खाली ठेवली. “साहेब, मी प्रार्थनाच करत होते. ताईंनी मला सांभाळून घेतलं. त्यांना काही बोलू नका.”

तिला तुरुंगात नेलं. तोफ चादरी आपटत राहिली. “आयतं वाचवत होते, गप्प बसायला काय झालं होतं बयेला!” म्हणता म्हणता तिला रडूच कोसळलं.

सिस्टरच्या भावांनी संबंध तोडले. भेटीच्या रांगेत मलमाची डबी घेऊन तोफच उभी राहायची. “कोण लागते तुमची?” शिपायानं विचारलं. “धाकटी बहीण!” तिनं ठणकावलं.

गजांपलीकडे सिस्टर अगदी वाळून गेली होती.

“दोन शब्द म्हणाली असतीस, तर काय बिघडलं असतं गं?”

“रोज जो सोबत असतो, त्याला ओळखत नाही असं कसं म्हणू, ताई?”

तोफेनं मलमाची डबी गजांतून आत सरकवली.

पुढे सिस्टर आजारी पडली, म्हणून सुटली. तोफेनं तिला आपल्या खोलीवर आणलं, भरवलं, न्हाऊ घातलं. एका सकाळी सिस्टर खाटेवर डोळे मिटून बसली होती. तोफ बराच वेळ दारात घुटमळली.

“मला अजून काही पटलेलं नाही हं,” ती म्हणाली. “पण शेजारी बसले तर चालेल?”

सिस्टर जरा पलीकडे सरकली.